सोळा सेकंदांत अडकलेली गाडी

सोळा पॉइंट दोन. अश्विनीने काच खाली केली आणि टायमिंगच्या डबीवरचा आकडा मला दाखवला. सकाळचे सात वाजले होते. हवा थंड होती, टायर नवे होते, इंजिनचं काम माझ्या हातचं होतं. म्हणजे सबब सांगायला काही शिल्लक नव्हतं. मग मी तिच्यावरच घसरलो.

‘क्लच परत घाईमा सोडी दिन्हा तू.’

‘नही चाचा, हळूच सोडा.’

‘मंग मांगला चाकं जागावर का बरं फिरनात?’

याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं, पण मी मेकॅनिक असल्यामुळे प्रश्न विचारण्याचा मान माझा होता. आम्ही दोघं शहाद्याच्या बाहेर, अजून वाहतूक सुरू न झालेल्या बायपासच्या एका तुकड्यावर उभे होतो. ठेकेदार माझ्या ओळखीचा. त्याच्या डंपरांचे ब्रेक मी करतो, म्हणून तो आम्हाला सकाळी एक तास तिथे येऊ द्यायचा. आता चाचणीला तीनच आठवडे उरले होते.

मी रफीक पिंजारी. शहाद्यात माझं गॅरेज आहे. त्याआधी बारा वर्षं पुण्यात, रेसच्या गाड्या तयार करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये होतो. वडील आजारी पडले म्हणून परत आलो आणि इथलाच झालो. इथे माझ्याकडे येतात त्या पिकअप, जीप आणि कधीमधी ट्रॅक्टर. स्पोर्ट्स कार वर्ष-दोन वर्षांत एखादी. ती आली की गल्लीतली निम्मी माणसं फोटो काढायला येतात आणि उरलेली ॲव्हरेज विचारायला.

अश्विनी कळसाडीची, हिंमतराव पाटलांची मुलगी. वय तेवीस. नववीत असल्यापासून ट्रॅक्टर चालवते, तोही उसाची भरलेली ट्रॉली मागे घेऊन. शेतकीची पदवी फर्स्ट क्लासमध्ये मिळवली तर गाडी घेऊन देईन, असं हिंमतआप्पांनी तिला कबूल केलं होतं. त्यांच्या डोक्यात चार दारांची, घरच्या सगळ्यांना घेऊन लग्नाला जाता येईल अशी गाडी होती. पण तसं बोलून दाखवलं नव्हतं. पोरीने पुण्याच्या एका डॉक्टरांची जुनी, जपानी बनावटीची, दोनच माणसं मावतील अशी गाडी शोधली. अठराशे सीसीचं पेट्रोल इंजिन, ताकद मागच्या चाकांना. गाडी अंगणात आली तेव्हा आप्पांनी दोन फेऱ्या मारून मागचं दार शोधलं म्हणतात. पण शब्द दिला होता. त्यांनी नारळ फोडला.

आता अडचण काय होती ते सांगतो. पुण्याची एक रेसिंग टीम दर वर्षी दोन नवे ड्रायव्हर घेते. त्यासाठी एका धावपट्टीवर चाचणी असते. आपली गाडी घेऊन जायचं, उभ्या गाडीने सुरुवात करायची आणि चारशे मीटर साडेपंधरा सेकंदांच्या आत कापायचे. तीन संधी. त्यात बसलात तर पुढे ते स्वतः शिकवतात, गाडीही त्यांचीच. वयाची अट चोवीस, म्हणजे अश्विनीला हे शेवटचं वर्ष. घरातही ठरून गेलं होतं. या वेळी नाही जमलं तर गाडी विकायची आणि बँकेच्या परीक्षेचा क्लास लावायचा. बँकेत वाईट काही नाही, माझा मेहुणा बँकेत आहे. पण या पोरीला स्टीअरिंगवर पाहिलेल्या माणसाला ते पटलं नसतं.

नियमात एक कलम होतं. तिच्या गटात टर्बो किंवा सुपरचार्जर चालणार नाही. ही दोन्ही यंत्रं इंजिनमध्ये हवा दाबून भरतात. जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं, म्हणजे जास्त ताकद. ती सोपी वाट बंद असली की मेकॅनिकला तीन गोष्टी उरतात. इंजिनला श्वास घ्यायला आणि सोडायला सोपं करायचं, गिअरचं प्रमाण बदलायचं, नाहीतर गाडीचं वजन उतरवायचं.

गाडी पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा तिची वेळ साडेसोळा भरली. अश्विनी येताना वहीत यादी घेऊन आली होती, इंटरनेटवरून उतरवलेली. कॅमशाफ्ट, हाय कॉम्प्रेशन पिस्टन, मोठा एक्झॉस्ट, आणखी बरंच. मी पेन्सिल घेतली आणि निम्मी यादी खोडली. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनमधले झडपा उघडणारे दांडे. ते बदलले तर ताकद वाढते खरी, पण फार वरच्या फेऱ्यांना, म्हणजे इंजिन खूप वेगाने फिरतं तेव्हाच, आणि अठरा वर्षं जुन्या इंजिनला रोज तिथवर ताणायची माझी हिंमत नव्हती. पिस्टन बदलून कॉम्प्रेशन वाढवलं तर आपल्याकडचं पेट्रोल आणि आपल्याकडचं ऊन मिळून इंजिन ठोकायला लागतं. आतला स्फोट वेळेआधी होतो आणि पिस्टनचा जीव जातो.

एक्झॉस्टच्या बाबतीत मात्र मी तिचं ऐकलं. धूर बाहेर टाकणारा पाइप चांगला जाड घातला. गाडीचा आवाज असा झाला की पलीकडच्या गल्लीतले हाजीसाब काठी टेकत चौकशीला आले. आणि वेळ? सोळा पॉइंट सहा. गाडी आधीपेक्षा हळू झाली होती. पाइप गरजेपेक्षा जाड असला की धुराचा वेग मंदावतो आणि खालच्या फेऱ्यांना इंजिनचा जोर कमी होतो. हे मला पुण्यात शिकवलेलं होतं. पोरीच्या चेहऱ्यावरची हौस बघून मी विसरलो, दुसरं काही कारण नाही.

मग शहाणपण वापरलं. बेताचा पाइप, चार सिलिंडरचा धूर एकमेकांत न अडकता बाहेर नेणारा हेडर, आणि हेडलाइटच्या बाजूने थंड हवा आत आणणारा नवा इनटेक. इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं पेट्रोलचं गणित नव्याने बसवून घेतलं, ज्याला रिमॅप म्हणतात. सोळा पॉइंट तीन. त्यानंतर मागच्या डिफरन्शियलमधले, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकांना वाटून देणाऱ्या पेटीतले, दाते बदलले. सायकलवर चढ आला की आपण हलका गिअर टाकतो, तसाच प्रकार. टॉप स्पीड थोडा जातो, पण सुटताना जोर वाढतो. हिशेबाने सोळाच्या आत यायला हवं होतं. गाडी सुटायची आणि मागची चाकं जागेवरच गरगर फिरायची. नवे, मऊ रबराचे टायर घातले तरी तेच. सोळा पॉइंट दोन.

वजनाचंही केलं होतं, पण वरवर. शेजारची सीट, स्टेपनी, जॅक, चटया असं चाळीस किलो सामान काढून ठेवलं. तेव्हा मी सहज बोलून गेलो होतो की दहा किलो कमी झाले तर अर्धा दशांश सेकंद मिळतो. अश्विनीने ते वहीत लिहून घेतलं. मी विसरून गेलो.

त्या सोळा पॉइंट दोनच्या सकाळी गॅरेजला परत आलो आणि पुण्याला सावंत साहेबांना फोन लावला. ते माझे जुने फोरमन, आता निवृत्त. त्यांना फोन करणं म्हणजे शिव्या खायची तयारी ठेवणं, म्हणून मी तीन महिने टाळत होतो. सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही, तेव्हाच मला धाकधूक वाटायला लागली.

‘गाडीचं वजन किती?’ त्यांनी विचारलं.

‘एक हजार साठ, साहेब. त्यातून चाळीस काढलंय.’

‘हे कुठून आणलंस?’

‘पुस्तकात आहे.’

‘पुस्तकातलं नाही विचारलं. तुझ्याकडच्या गाडीचं वजन किती?’

बारा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली होती. तिथे गाडी आली की आधी वजन, मग बाकीचं. शहाद्यात आल्यापासून वजन करायची वेळच आली नव्हती. पिकअपचं वजन कोण विचारतो? साहेबांनी फोन ठेवायच्या आधी जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

संध्याकाळी मी आणि अश्विनी गाडी घेऊन वजनकाट्यावर गेलो. हंगामात तिथे उसाच्या आणि कापसाच्या गाड्यांची रांग असते, तेव्हा मात्र मोकळं होतं. काटेवाल्याने पावतीपुस्तक काढलं आणि सवयीने विचारलं, ‘माल काय शे?’ मी गाडीकडे बोट दाखवलं, ‘हाऊच.’ तो हसला, पण त्याने पावतीवर तसंच लिहिलं.

एक हजार वीसच्या आसपास यायला हवं होतं. काट्याने एक हजार एकशे तीस दाखवलं. मी त्याला पुन्हा बघायला सांगितलं. तेच. मग फक्त पुढची चाकं काट्यावर घेतली, सहाशे वीस. मागची घेतली, पाचशे दहा. या गाडीचं वजन पुढेमागे जवळजवळ सारखं असतं, तीच तिची खासियत. म्हणजे एकशे दहा किलोचं काहीतरी गाडीत होतं, आणि ते पुढे होतं. मागची चाकं जागेवर का फिरतात, त्याचंही उत्तर मिळालं. ताकद मागे जाते आणि भार पुढे बसलाय, तर मागची चाकं रस्ता धरणार कशी? तीन महिने मी पोरीच्या पायाला दोष देत होतो.

अश्विनी शेजारीच धान्याच्या पोत्यांसाठी ठेवलेल्या लहान काट्यावर सहज उभी राहिली. ‘पन्नास,’ ती म्हणाली आणि खूश झाली. मी विचारलं, त्यात खूश होण्यासारखं काय आहे. तर म्हणाली, आधी चोपन्न होतं. मी तिच्याकडे नीट बघितलं. गालफडं बसली होती. इतके दिवस मी फक्त गाडीकडे बघत होतो.

‘आजारी व्हती का?’

‘नही चाचा. रातले जेवत नही. दोन महिना झायात.’ मग तिने मला वही उघडून दाखवली. ‘तुम्हीच सांगं व्हतं. दहा किलोले अर्धा दशांश.’

मला त्या क्षणी स्वतःची फार लाज वाटली. माझी मुलगी तिच्याच वयाची आहे. मी तिला रागावलो, आजपासून जेवायचं, नाहीतर गाडीला हात लावणार नाही, असं बजावलं आणि कळसाडीच्या बसमध्ये बसवून दिलं. गाडी माझ्याकडे ठेवून घेतली.

रॅम्पवर चढवून खालून बॅटरी मारली. पुढच्या बाजूला इंजिनखाली काळा लोखंडी गार्ड होता. तो मी पहिल्या दिवशीच पाहिला होता, आणि खोटं कशाला बोलू, पसंतही केला होता. आमच्याकडे शेतरस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक गाडीला खालून गार्ड असतो, नाहीतर दगडाने ऑइलची टाकी फुटते. ऑइल सोडायला त्याला भोक ठेवलेलं, त्यामुळे तो कधी उतरवावा लागला नव्हता. गाडी नाकाने किंचित खाली बसते हेही दिसलं होतं. जुन्या स्प्रिंगा असतील म्हणून सोडून दिलं. आता गार्डचे बोल्ट काढले. एका माणसाला तो पेलवेना. आणि त्याच्या वर, बंपरच्या मागच्या आडव्या पट्टीवर, जाड लोखंडी प्लेटा एकावर एक बोल्टने आवळलेल्या होत्या. काम स्वच्छ होतं. कडा घासलेल्या, वर रंग.

असं काम मी ओळखतो. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढताना ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं जातं. म्हणून आमच्याकडचे शेतकरी ट्रॅक्टरच्या नाकावर अशाच प्लेटा लावतात. मी हिंमतआप्पांना फोन केला आणि एकट्याने या म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आले. पांढरा शर्ट, पांढरी टोपी. गाडी रॅम्पवर, गार्ड जमिनीवर. त्यांनी एकदा पाहिलं आणि टोपी काढून हातात घेतली. मी विचारलं, ‘आप्पा, हाई काय शे?’

‘वजन शे.’

‘कोनी लायं?’

‘मीच. अक्कलकुवाले जाईसन लायं. आठे लावतू, ते तुले समजी जातं.’

अश्विनी कृषी विद्यापीठात निकालाचे कागद आणायला गेली होती, त्या दोन दिवसांत हे झालं होतं. अक्कलकुव्याला हायवेवर ट्रकच्या बॉडीचं काम करणारे बसतात, त्यांच्याकडून, म्हणजे शहाद्यात मला कळू नये. मी का म्हणून विचारलं नाही. ते स्वतःच बोलायला लागले. काही वर्षांपूर्वी पाटाच्या चढावर त्यांचा स्वतःचा ट्रॅक्टर मागच्या चाकांवर सरळ उभा राहिला होता. आप्पांनी उडी मारली म्हणून वाचले. त्यानंतर त्यांनी नाकावर वजन नसलेला ट्रॅक्टर शेताबाहेर काढला नाही.

‘मी फोनमा देखं, रफीकभाऊ. त्या रेसन्या गाड्या सुटतांना पुढला चाकं उचलतस. ट्रॅक्टर उचलस ना, तश्या. आन आतमा मन्ही पोर बसेल ऱ्हाई.’

मला राग आला होता. तीन महिन्यांची माझी मेहनत त्या प्लेटांखाली गेली होती. पण हे ऐकल्यावर राग टिकेना. मी त्यांना समजावलं. ट्रॅक्टरच्या मागे ट्रॉली असते, ती मागून खाली ओढते म्हणून तोंड वर येतं. या गाडीच्या मागे काय आहे? काही नाही. फोनमधल्या त्या गाड्यांची ताकद हिच्या दहापट असते. हिने ठरवलं तरी हिचं तोंड उचलणार नाही. उलट पुढे वजन ठेवल्यामुळे मागची बाजू हलकी पडलीय, आणि मागे पकड नसली की गाडी शेपूट फिरवते. मागच्या आठवड्यात बायपासवर एकदा फिरवलीही होती. पोरीने सांभाळली.

हे ऐकून त्यांचा चेहरा उतरला. बाजूच्या जुन्या टायरवर बसले. मला वाटलं, झालं, आता काढा म्हणतील. 

‘तरी ऱ्हाऊ दे,’ ते म्हणाले. ‘जोरमा नही पळनी, ते चाली जाई.’

माझ्याकडची सगळी विद्या इथे संपली. भीती वाटणाऱ्या माणसाला डिफरन्शियल समजावून काय उपयोग? आणि गाडी शेवटी त्यांच्या नावावर होती. तेव्हा मला जे सांगायचं नव्हतं ते सांगितलं. पोरगी दोन महिने रात्री जेवलेली नाही.

‘उपास शे ना तिना,’ आप्पा म्हणाले. ‘तिनी मायले तसंच सांगं तिनी.’

‘उपास नही, आप्पा. गाडी हलकी व्हवाले वजन कमी करी ऱ्हायनी.’

‘कितलं झायं?’

‘चार किलो.’

त्यांनी रॅम्पकडे पाहिलं. एकशे दहा किलो लोखंड, गार्ड जमिनीवर आणि प्लेटा अजून गाडीला. डोळे भरून आले, ते त्यांनी टोपीने पुसले. मग उठून माझ्याकडे हात पुढे केला आणि पाना मागितला. मी म्हटलं, माझी माणसं आहेत, ती काढतील. ऐकलं नाही. पांढऱ्या शर्टाने गाडीखाली गेले आणि एकेक बोल्ट स्वतः सोडवला. दोन गंजलेले होते, त्यांना दुपार झाली. जाताना एवढंच म्हणाले की पोरीला ते स्वतः सांगणार, मी सांगायचं नाही.

मी पत्र्याचा हलका गार्ड बनवून बसवला. अश्विनी तिसऱ्या दिवशी आली. तिला सगळं कळलं होतं. काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. फक्त मी तिची माफी मागितली, क्लचबद्दल. ती हसली आणि म्हणाली की डबा खाऊन आलेय, तुम्ही विचारायच्या आधीच सांगते.

बायपासवर पहिल्या दिवशी पंधरा पॉइंट सात. गाडी आता वेगळी झाली होती, पायाला नवी सवय लागायला चार दिवस गेले. मग एका सकाळी पंधरा पॉइंट चार चार. आम्ही दोघांनी तो आकडा तीन वेळा वाचला.

चाचणीच्या दिवशी आप्पाही आमच्याबरोबर आले. कुणी बोलावलं नव्हतं, गाडी लादलेल्या टेम्पोत पुढे जाऊन बसले होते. धावपट्टीवर पोचलो आणि कळलं की अश्विनीचा नंबर दुपारी एकनंतर. गरम हवा विरळ असते, इंजिनला कमी पडते. सकाळी पंधरा पॉइंट चार चार देणारी गाडी दुपारी दीड-दोन दशांश गमावते. तिथल्या साहेबांना विनंती केली. त्यांनी सभ्यपणे नंबराचा कागद दाखवला.

पहिली फेरी, पंधरा पॉइंट सहा आठ. मी पकड वाढावी म्हणून टायरमधली हवा थोडी कमी केली. दुसरी फेरी, पंधरा पॉइंट पाच सात. सात शतांशांनी चुकली. तिसऱ्या फेरीला पाऊण तास होता. अश्विनी सावलीत डोळे मिटून बसली होती. मी बोनेट उघडून उभा होतो आणि आतून भट्टीची धग येत होती. हवा ज्या नळकांड्यातून इंजिनमध्ये जाते ते हात लावू देईना.

आप्पा टेम्पोतून पाण्याचा कॅन आणि गोणपाट घेऊन आले. कॅन खाली ठेवला, पण इंजिनला हात लावला नाही. माझ्याशेजारी येऊन उभे राहिले.

‘रफीकभाऊ,’ त्यांनी विचारलं, ‘यावर ओलं गोणपाट टाकू का? टाकाले चाली का नही, तू सांग.’

चालणार होतं. मलाच सुचायला हवं होतं. वायरींपासून दूर, फक्त त्या नळकांड्यांवर टाकायचं, असं मी दाखवलं. पाऊण तास तो माणूस उन्हात उभा राहून गोणपाट ओलं करत होता, सुकलं की पुन्हा भिजवत होता. नंबर पुकारल्यावरच त्याने ते उचललं. नळकांडं हाताला गार लागत होतं.

गाडी सुटली तेव्हा आप्पा माझ्या शेजारी होते. त्यांनी माझा दंड धरला होता, आणि ते पुढच्या चाकांकडे बघत होते. पुढची चाकं जमिनीवरच होती. मागची एकदा किंचित घसरली आणि पकडली. आकडा फलकावर यायला थोडा वेळ लागला.

पंधरा पॉइंट चार सात.

अश्विनीला टीमने घेतलं. पहिलं वर्ष ती राखीव ड्रायव्हर आहे, म्हणजे बहुतेक वेळ दुसऱ्यांची हेल्मेट सांभाळते, असं तिचंच म्हणणं. त्या दिवशी परत येताना आप्पा पुढे झोपून गेले होते. मी आणि अश्विनी मागे गाडीजवळ बसलो होतो. तेव्हा तिने सांगितलं की प्लेटांचं कळल्यावर ती फार चिडली होती. भीती वाटत होती तर सरळ बोलायचं होतं, असं तिने आप्पांना म्हटलं. त्यावर आप्पा काय म्हणाले, ते तिने त्यांच्याच शब्दांत सांगितलं.

‘मले भ्याव लागस असं सांगतू, ते तू गाडी सोडी देती. आन मले तू गाडी सोडाले नको व्हती.’

हे सांगताना ती रडली. मीही रडलो. टेम्पोच्या ड्रायव्हरने आरशात बघितलं.

तेव्हापासून जोर वाढवायला कुठलीही गाडी आली की मी इंजिनला हात लावत नाही. आधी वजनकाटा, पुढचं वेगळं, मागचं वेगळं. मग घरच्या मोठ्या माणसाला बाजूला घेऊन विचारतो की या गाडीची तुम्हाला भीती वाटते का. बहुतेक जण छातीठोकपणे नाही म्हणतात. मग मी गाडी रॅम्पवर चढवतो आणि खालचा गार्ड उतरवून बघतो.